चूलबंद आवतण

माझ्या मावशीच्या मुलीच्या लग्नात मामानं मांडवाचा डांब उपटला होता. उपटला म्हणजे खरोखरच मुळासकट, आणि वरचं कापड अर्ध्या वऱ्हाडाच्या डोक्यावर आलं. मामा तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या मारत फिरलेला गडी. पुढं अंग सुटलं, पण हात तेच राहिले. डांब उपटायचं कारण एवढंच की मावशीचा नवरा आवतण द्यायला स्वतः मामाच्या दारात गेला नव्हता. त्यानं पत्रिका त्या बाजूला जाणाऱ्या एका दूधवाल्याच्या हाती धाडली होती. नवरीला बोहल्यावर आणायचा मान ज्याचा, त्या मामाला दुधाच्या किटल्यांबरोबर आलेली पत्रिका!

मामानं पाहुण्यांदेखत मावशीच्या नवऱ्याच्या मुस्काटात मारली. त्याच्या भावांनी मिळून मामाला खाली घातला आणि लाथांनी तुडवला. आचाऱ्यापाशी उभ्या असलेल्या कुणीतरी झारा मारून त्याची भुवई फोडली. मग जाणती माणसं मध्ये पडली, मावशीच्या नवऱ्याला हळदकुंकवाचं ताट हातात देऊन मामापुढं उभं केलं आणि मामाला त्याच मांडवात पुन्हा रीतसर आवतण दिलं गेलं. भुवईवर हळद दाबून मामा भाचीच्या मागं उभा राहिला. मंगलाष्टका संपेपर्यंत त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ठिबकत होतं. मी तेव्हा परकर नेसायच्या वयाची होते. मला मामाचा भयंकर अभिमान वाटला. आजही वाटतो, खोटं कशाला बोलू.

आमच्या आजोळी शब्दाआधी हात उठतो, आणि मी आजोळावर गेले. माझा थोरला भाऊ, दादा, वडिलांवर गेला. गोड बोलायचा, कुणालाही हो म्हणायचा आणि मोठ्ठं काहीतरी होणार या आशेवर चहा प्यायचा. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आम्ही दोघांनी संगमनेरच्या बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला. शिकवायची मी, माणसं गोळा करायचा तो. खाली एसटीडीचा बूथ होता, तिथून परदेशीही फोन लागायचा. इंटरनेट म्हणजे आमच्या फोनवरून नाशिकला जोडणी. मोडेम आधी बराच वेळ किंचाळायचं, मग एकदाचं जोडलं जायचं. ईमेलचं खातं तेव्हा गावात मोजक्याच लोकांकडं होतं, त्यात आमचं एक.

त्या खात्यावरून मामाची डाळिंबं दुबईला निघाली होती.

मामाचं गाव निमोणच्या बाजूला, कोरडं ठणठणीत. तिथं त्यानं डाळिंबाची बाग लावली आणि पहिलाच बहार असा धरला की बघणारा थांबावा. दादानं इंटरनेटवर शोधून दुबईतल्या एका फळांच्या व्यापाऱ्याचा पत्ता काढला. मी त्याला इंग्रजीत लिहिलं, त्याचं उत्तर आलं. मग दर बाजारच्या दिवशी मामा क्लासमध्ये यायचा, मुलांना उठवून खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, “वाच, काय म्हन्तोय आपला शेठ.” शेठ विचारायचा, फळाचं वजन किती, रंग कसा. मामा सांगायचा ते मी लिहायची, पण मामाचं पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी रामराम घाल.” मी घालायची. पुढं पुढं शेठ मामाच्या गुडघ्याची चौकशी करू लागला. एकदा त्यानं टपालानं खजुराचा डबा पाठवला. मामानं तो गावभर वाटला आणि शेठला सोयरा म्हणू लागला.

नमुना पसंत पडला. शेठ एक कंटेनर माल घेणार होता. जहाजाची तारीख नक्की झाली की ईमेल करतो, तोवर फळ झाडावर ठेवा, असं त्यानं कळवलं. मामानं गावातल्या इतर बागवाल्यांनाही त्यात घेतलं. बाग उक्ती, म्हणजे झाडावरच्या फळासकट एकरकमी, मागायला आलेल्या व्यापाऱ्याला सगळ्यांनी वाटेला लावलं, कारण मामानं चावडीपुढं शब्द दिला होता, “माल भाईर जाईल. म्या सांगतो.” गावात मामाच्या शब्दावर याआधी कुणी काही मोडलं-जोडलं नव्हतं. पैलवान माणूस, त्याला मारामारीला बोलवायचे, सल्ल्याला नाही. त्यामुळं ही फळं दुबईला जाणं मामाला कुठल्याही गदेपेक्षा मोठं वाटत होतं.

आता गोम अशी की गावचा माल कंटेनरमध्ये मावून वर उरत होता. उरलेल्याचं काय, हा प्रश्न आला आणि त्याच सुमारास पुण्याहून एक टाय लावलेला माणूस जिना चढून वर आला.

त्याच्याकडं एक सीडी होती. तिच्यात जगभरातले लाखो ईमेल पत्ते आणि सगळ्यांना एका दमात पत्र धाडणारा प्रोग्राम. मजकूर एकदाच लिहायचा, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. लाखातल्या हजारानं जरी उत्तर दिलं तरी तुमच्याकडं फळं पुरणार नाहीत, असं तो म्हणाला. दादाचे डोळे लकाकले. मी विचारलं, हे पत्ते कुणाचे? यांना डाळिंब हवंय असं कुणी सांगितलं? टायवाला हसून म्हणाला, “मॅडम, माहिती पोचवायला काय हरकत आहे?”

मी नाही म्हणत होते. शेठ एकटा भेटला तो ओळखीनं, पत्रापत्रीनं भेटला, हे मला दिसत होतं. पण त्या दिवशी बाजार होता आणि मामा खुर्चीत बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

“चूलबंद दिऊन टाक,” तो म्हणाला.

आमच्याकडं गावजेवण असलं की दोन तऱ्हेनं आवतण देतात. एक म्हणजे निवडक घरांना. दुसरं चूलबंद, म्हणजे सगळ्या गावाला, कुणाच्या घरी चूल पेटवायची नाही. निवडक दिलं की वगळलेली घरं दात धरून बसतात. मामाच्या गावात चार घरं आवतणातून राहिली म्हणून कुऱ्हाडी निघालेल्या मी पाहिल्या आहेत. एकाचे दोन दात आणि दुसऱ्याचा कान त्या जेवणावळीपायी गेला.

“मामा, हे गाव नाही,” मी म्हटलं.

“आगं, मान्संच हायेत ना? समद्यास्नी सांगितलं तर भांडान कशाला हुईल? एकाला सांगून दुसऱ्याला न्हाई सांगितलं म्हंजी हुतं.” मग दादाकडं वळून म्हणाला, “दे रं. चूलबंद.”

आणि तो सीडीवाला निघून गेल्यावर आमच्या फोनवरून आवतण सुटलं. ‘प्रिय मित्रा, उत्तम प्रतीचे भारतीय डाळिंब, त्वरित संपर्क साधा,’ असा मजकूर दादानं स्वतः इंग्रजीत लिहिला. त्यात रामराम नव्हता. दिवसचे दिवस फोन गुंतलेला. मुलं एका कोपऱ्यात टायपिंग करायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात ते यंत्र गुरगुरत पत्रं बाहेर फेकायचं.

पहिली उत्तरं आली ती मेलेल्या पत्त्यांची. असा कुणी नाही, असा कुणी नाही, असा कुणी नाही. निम्मा गाव मसणात गेलेला आणि आम्ही दारोदार हाका मारत होतो. मग जिवंत माणसांची उत्तरं यायला लागली.

इतकी घाण मी आयुष्यात वाचली नव्हती, आणि मी काही देवळात वाढलेली नाही. आईवरून, बहिणीवरून, देशावरून, धर्मावरून. कुणी लिहिलं, तुमचे हात तोडायला हवेत. कुणी लिहिलं, तुमची फळं तुमच्याच घशात कोंबून मारीन. एकानं फक्त एकच शिवी पानभर पुन्हा पुन्हा लिहिली होती. त्या प्रोग्रामनं आणखी एक पराक्रम केला होता. काही पत्रांवर शेकडो जणांचे पत्ते उघडे टाकले होते, त्यामुळं एकानं दिलेली शिवी सगळ्यांना पोचत होती, मग ते एकमेकांनाही शिव्या देत होते आणि प्रत्येक शिवीची प्रत आमच्या दाराशी येऊन पडत होती. आमच्या आवतणावरून न पाहिलेल्या मुलखांत हाणामारी जुंपली होती.

मामा आला तेव्हा मी स्क्रीन बंद करायला गेले. त्यानं माझा हात धरला.

“वाच.”

“मामा, नको.”

“वाच म्हन्तो ना.”

मी वाचलं. जेवढं आईच्या भावासमोर मराठीत म्हणता येईल तेवढं म्हटलं. मामाच्या मानेच्या शिरा फुगल्या.

“हा म्हणतो, परत पत्र आलं तर घरी येऊन गोळी घालीन,” मी सांगितलं.

“यिऊ दे की. गाव कंचं त्याचं?”

“अमेरिकेत आहे कुठंतरी.”

“मंग त्याला आपलं गाव लिहून कळव. येष्टी कुठं थांबती त्येबी लिही. म्या फाट्यावर हुबा ऱ्हातो.”

तो थट्टा करत नव्हता. त्याला समोर माणूस हवा होता, छाती, गळा, पकडायला लंगोट. आणि इथं शिव्यांचा पाऊस पडतोय आणि झोंबायला कुणी नाही. त्यानं शेवटी भिंतीवर एवढ्या जोरात बुक्की मारली की सरस्वतीचा फोटो खाली पडून फुटला. मलाही कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. मी दादाला वाट्टेल ते बोलले. त्यानं मान खाली घालून काचा वेचल्या.

“शेठचं काय आलं?” मामानं जाताना विचारलं. त्या घाणीत शेठचं पत्र नव्हतं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत कुणा चिडलेल्यानं सूड म्हणून अवजड चित्रं पाठवायला सुरुवात केली. एकच चित्र, पुन्हा पुन्हा. आमच्या खात्याला जागा ती केवढी, वीतभर. ती भरली. मी पुसायची आणि ती भरायची. त्यानंतर एका सकाळी खातं उघडलंच नाही. फोन केला तर सेवा देणाऱ्या कार्यालयातला माणूस म्हणाला, तुमच्याविरुद्ध तक्रारींचा ढीग पडलाय, खातं कायमचं बंद केलंय. मी विनवलं, ओरडले, पुन्हा विनवलं. एकच पत्र यायचंय हो, फक्त एका माणसाचं. तो म्हणाला, आलेली पत्रं आता परत जात असतील. आणि त्यानं फोन ठेवला.

एक ना धड, भाराभर चिंध्या!

शेठचा फोन नंबर त्याच्या जुन्या पत्रावर होता. खालच्या बूथवरून मी दुबईला फोन लावला. कारकुनानं उचलला. शेठ बंदरावर आहेत, आठवड्यानं भेटतील, निरोप ठेवतो, म्हणाला. मी त्याला बूथचाच नंबर दिला. इकडं बागेत फळं तडकायला लागली होती. पिकलेलं डाळिंब झाडावर ठेवलं की एक दिवस त्याची साल उभी फाटते, मग माश्या बसतात आणि ते फळ कुणी फुकट नेत नाही.

पुण्याच्या टायवाल्याला दादानं बोलावून घेतलं, प्रोग्राम शिकवायचा राहिला आहे असं सांगून. तो आला, तोही हसत. मी त्याला खातं बंद झाल्याचं सांगितलं.

“ते होतंच, मॅडम,” तो म्हणाला. “सगळ्यांचंच होतं. दुसरं काढायचं, दुसऱ्या नावानं. हे काही सीडीत लिहीत नाही कुणी.”

मी कीबोर्ड वायरीसकट उपसला आणि त्याच्या पाठीत हाणला. तो जिन्याकडं पळाला, मी मागं. दुसरा तडाखा खांद्यावर बसला आणि कीबोर्डची बटणं फुटाण्यासारखी जिन्यावर उडाली. तिसरा चुकला आणि माझाच अंगठा कठड्यावर आपटून काळानिळा झाला. खाली चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघत होती. टायवाला एका पायात बूट घालून बसस्टँडात घुसला. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मामाची फळं तडकतच होती.

आठवडा भरत आला तेव्हा मामाच्या गावचे बागवाले आले. मामा आधीच येऊन बसला होता, शेठच्या फोनसाठी. वाटेला लावलेला तो व्यापारी परत आला होता आणि आता निम्म्या भावानं बागा मागत होता, हे त्यांच्या तोंडूनच कळलं. एकानं खिशातून तडकलेलं डाळिंब काढून माझ्या टेबलावर आपटलं. लाल पाणी वह्यांवर उडालं.

“कुठं हाय तुजी दुबई?” तो दादावर खेकसला.

दादा काहीतरी गोड बोलायला गेला आणि पहिली थप्पड तिथंच बसली. दुसऱ्यानं त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. पोरं खिडकीशी दाटली. कुणीतरी स्टूल उचलून संगणकावर घातलं, काच आत कोसळली आणि जळका वास सुटला. मी दुसरं स्टूल उचललं. समोरच्याचं डोकं फोडायचंच होतं मला, जागाही मनात धरली होती, पण मागून मनगट पकडलं गेलं. त्या पकडीतून सुटता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं.

“हात खाली,” मामा म्हणाला. मग त्यानं मला मागं सारलं, दादाला मागं सारलं आणि बागवाल्यांपुढं जाऊन उभा राहिला. “त्या पोरांचा काय संबंध? सबूद माजा हुता. मला हाना.”

त्यांनी हाणलं. आधी बिचकत, कारण हा माणूस काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. मग तो हात उचलत नाही असं दिसल्यावर जोर चढला. पोटात, छातीवर, तोंडावर. मामानं हात मागं बांधून धरले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट, मघाशी माझं धरलं तसं. ओठ फाटला. गुडघा लचकला तसा तो खाली बसला, आणि बसलेल्या माणसाला एकानं लाथ घातली. मी ओरडत होते, “मार ना, मामा, मार ना त्याला!” मला मामाचा राग येत होता, त्यांच्यापेक्षा जास्त. मांडवाचा डांब उपटणारा माणूस डाळिंबवाल्यांचा मार खात बसला होता.

शेवटी खालचा बूथवाला धावत वर आला. मारामारी थांबवायला नव्हे. दुबईचा फोन आला होता.

सगळे थबकले. मामा उठला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि मला दंडाला धरून जिना उतरवला. माणसं जिन्यातच उभी राहिली. बूथच्या काचेच्या पेटीत आम्ही दोघं कसेबसे मावलो. मामाच्या श्वासाला रक्ताचा वास येत होता.

शेठ हिंदीत बोलत होता. आवाज मी कल्पिला होता त्यापेक्षा म्हातारा होता. तो चिडला नव्हता, तेच वाईट. त्यानं सांगितलं, जहाजाची तारीख कळवली होती, पण ते पत्र परत आलं. तरी मी पुन्हा लिहिणार होतो. मग न वाचलेल्या पत्रांत तुमचंच पत्र सापडलं, ‘प्रिय मित्रा, त्वरित संपर्क साधा.’ तीनदा मिळालं. माझ्या भागीदारालाही मिळालं, शेजारच्या गाळ्यात माझ्याशी वैर असलेल्या व्यापाऱ्यालाही मिळालं. तो मला हसत दाखवायला आला, हा बघ तुझा खास माणूस. तुम्ही सगळ्या बाजाराला विचारत होता, बेटी. मी समजलो, माझी गरज राहिली नाही. मी दुसरीकडून माल भरला.

त्या सीडीत शेठचाही पत्ता होता. आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी फोनवर हात दाबला आणि मामाला सगळं सांगितलं. मला वाटलं आता हा काच फोडणार.

“तीनदा आलं?” त्यानं विचारलं.

“हो.”

“वर त्याचं नाव हुतं?”

“नाही. प्रिय मित्रा, एवढंच.”

“रामराम?”

“नाही, मामा.”

मामानं हात वर नेला आणि भुवईवर जुन्या जखमेचा वण होता तिथं अंगठा फिरवला. मला वाटतं त्या घटकेला त्याला मांडव दिसत असावा, दुधाच्या किटल्या दिसत असाव्यात.

“त्येचं बरोबर हाय,” तो म्हणाला. “घरच्या मान्साला चूलबंदात बोलावलं आपुन. म्या आसतो तर मारलं आसतं. त्यो निस्तं बोलला.” मग त्यानं ओठावरचं रक्त पुसलं आणि हात सदऱ्याला कोरडा केला, देवापुढं जाताना करतात तसा. “त्याला सांग, पुढल्या बहाराला म्या सोता यितो म्हनावं. कुकू-अक्षता घिऊन यितो, दारात. चुकी झाली म्हनावं.”

ज्या माणसाची एसटी पुण्यापलीकडं कधी गेली नाही, तो हे म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मी कधीही न पाहिलेलं आर्जव होतं. मी फोन कानाला लावला. आत नुसता लांबलचक सूर वाजत होता. शेठनं कधीच ठेवला होता.

मामा माझ्या तोंडाकडं बघत होता. मी बोलले. त्या रिकाम्या फोनमध्ये हिंदीतून सगळं सांगितलं, स्वतः येतो म्हणाले, दारात येतो म्हणाले, चूक झाली म्हणाले. आधी रामरामही घातला. थोडं थांबले, ऐकल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

“काय म्हनला?” मामानं विचारलं.

“या म्हणाले,” मी म्हटलं.